दुसऱ्या लेव्हलचं दार

"इसमें मरता कौन है?"

भियाचा पहिला प्रश्न हा. मी अजून लॅपटॉपची वायरसुद्धा लावली नव्हती.

"कोणी मरत नाही, जळतात," मी म्हणाले.

"ये हुई ना बात!" म्हणत त्याने खुर्ची पुढे ओढली.

भिया म्हणजे आमच्या टीमचा लीडर. इंदूरमध्ये पानवाल्यापासून प्रोफेसरपर्यंत सगळेच भिया, म्हणजे भैया, असतात, पण आमच्या वर्गात हा शब्द त्याच्या एकट्यासाठी राखून ठेवलेला होता. पलासियाला एका इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर आमचं डिझाइन कॉलेज. शेवटच्या वर्षी टीम करून एक अख्खा व्हिडिओ गेम बनवायचा असतो. ज्याच्या डोक्यात नवी कल्पना असेल त्याने टीमसमोर उभं राहून ती मांडायची, टीमला पटली तर वर्षभर सगळे तिच्यावर राबणार. माझ्या आधी दोघांचं झालं होतं. एकाने झोंबी आणले होते आणि दुसऱ्याने अंतराळातले झोंबी. मी आणला होता हिंगोट.

हिंगोट माहीत नसेल त्याच्यासाठी सांगते. इंदूरहून तासा-दीड तासावर गौतमपुरा नावाचं गाव आहे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथल्या मैदानात दोन गट समोरासमोर उभे राहतात. एक तुर्रा, एक कलंगी. हिंगोट हे एक जंगली फळ, लिंबाएवढं, कवटीसारखं टणक. ते पोखरून आत फटाक्याची दारू ठासायची, मातीने तोंड बंद करायचं, दिशा नीट राहावी म्हणून बांबूची काडी बांधायची. मग पेटवायचं आणि समोरच्या माणसावर फेकायचं. हो, माणसावर. एका हातात ढाल, खांद्याला हिंगोटांनी भरलेली झोळी. तासभर नुसती आग इकडून तिकडे जाते. डोक्यावरचे साफे पेटतात, कातडी सोलून निघते, आणि जाळीमागे हजारो लोक शिट्ट्या मारत उभे असतात.

"और जीतता कौन है?" कोडिंग करणाऱ्या मुलीने विचारलं. ती टीममधली सगळ्यात हुशार, दिवसभर कानात हेडफोन.

"कोणीच नाही. सुरुवातीला गळाभेट, मग मारामारी, मग आपापल्या घरी. हारजीत नसतेच."

"असं कसं चालेल यार? पॉइंट तर पाहिजेत."

"ऐक ना आधी," मी म्हणाले. "हा पहिला लेव्हल झाला. खरा गेम दुसऱ्या लेव्हलला आहे."

आणि मी दुसरा लेव्हल सांगितला. दुसऱ्या दिवशीची सकाळ. काल तुझ्या हिंगोटाने जो जळला, त्याच्या घरी तू विचारपूस करायला जायचं. हातात काही नाही. पळायला, उडी मारायला, फेकायला एकही बटण नाही. दार वाजवायचं, आणि आतून त्याची आई दार उघडते. ती जे करेल ते सोसत उभं राहायचं. फक्त एक बटण चालू असतं, परत फिरायचं. ते दाबलंस की गेम संपला.

सगळे गप्प झाले. मला वाटलं, जिंकले.

मग भिया हसायला लागला. "पगली है क्या? पहिला लेव्हल एक नंबर आहे. दुसरा काढून टाक. आंटी के दरवाजे पे खड़े रहने के लिए कौन गेम डाउनलोड करेगा?"

डोक्यात तिडीक गेली माझ्या. त्याला काय माहीत! त्यांच्यापैकी कोणालाच मी सांगितलं नव्हतं की ते दार आमच्याच घराचं होतं.

बाबा रेल्वेत होते. त्यांची बदली तिकडे झाली आणि आम्ही काही वर्षं गौतमपुऱ्याला राहिलो. गावात मराठी घर आमचं एकच. आई आल्या दिवसापासून नाक मुरडत होती, ही काय जागा, हे काय लोक, पण दादा तिथे असा मिसळला की आमच्याशीही तिथल्या माळवीत बोलायचा. कॉलेजला गेला आणि तुर्र्यात उतरला. आई म्हणाली, जाशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. तो हसला आणि गेला. त्याचा जिगरी दोस्त कलंगीकडून खेळायचा. दोघं वर्षभर एका ताटात जेवायचे आणि त्या एका संध्याकाळी एकमेकांना भाजून काढायचे.

त्या वर्षी मी जाळीमागे बाबांचा हात धरून उभी होते. दोस्ताने फेकलेला हिंगोट वाकडा गेला आणि सरळ दादाच्या झोळीत शिरला. त्या झोळीत त्याचे सगळे हिंगोट होते. एक पेटला तशी सगळी झोळी पेटली, त्याच्या अंगावरच. आवाज कसला होता माहितीये? कढईत एकदम पाणी पडावं तसा. माझा भाऊ मैदानात गोल गोल पळत होता आणि त्याच्या डाव्या कुशीतून आग निघत होती. लोकांना वाटलं खेळाचाच भाग आहे. ते शिट्ट्या मारत होते. मेल्यांनो, माझा भाऊ जळतोय! मी ओरडत होते, आणि माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

समोरच्या गटातून एकच माणूस धावत आला, तो दोस्त. त्याने दादाला खाली पाडलं, त्याच्यावर लोळला आणि पेटलेली झोळी दोन्ही हातांनी ओरबाडून काढली. हिंगोट त्याच्या हातात फुटत होते तरी त्याने सोडलं नाही. हे मी पाहिलं. बाबांनी पाहिलं. आई घरी होती, तिने पाहिलं नाही.

दादाला रातोरात इंदूरला हलवलं. सकाळी बाबा दवाखान्यात थांबले आणि आई मला घेऊन घरी आली, दादाचे कपडे न्यायला आणि डबा करायला. ती पोळ्या लाटत होती तेव्हा दार वाजलं. दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेला तो दारात उभा. तिथली रीतच आहे ती. ज्याच्या हातून लागलं त्याने दुसऱ्या दिवशी जायचं. "काकी, भाई कैसो है?" एवढंच विचारलं त्याने.

आईने हातातलं लाटणं त्याच्या कपाळावर घातलं. मग तोंडावर. मग खांद्यावर, जिथे लागेल तिथे. त्याने पट्ट्यांचे हात वरसुद्धा केले नाहीत. ओठ फुटला, डोळा सुजला, रक्त उंबऱ्यावर सांडलं आणि तो तसाच उभा. मी आईचा पदर ओढत होते. "आई, यानेच विझवलंय, यानेच!" तिने मला एक ठेवून दिली आणि तशीच, पिठाच्या हातांनी, पोलीस चौकीवर गेली. माझ्या मुलाला जिवंत जाळायला निघाला होता म्हणून रपट लिहून आली.

हिंगोटासाठी त्या गावात कोणी कोणावर रपट लिहीत नाही. आजोबाच्या, पणजोबाच्या वेळेपासून कोणी लिहिली नसेल. हे फक्त आमच्यासारखं बाहेरून आलेलं माणूसच करू जाणे. दोस्ताला कोठडीत टाकलं. दूधवाल्याने आमच्याकडे यायचं बंद केलं, शेजारणीने दार लावून घेतलं आणि बाबांनी इंदूरला बदली मागून घेतली. दादा दवाखान्यातून उठला, सगळं कळलं, आणि आईला एकच वाक्य बोलला, "तू माझा दोस्त जाळलास." तेव्हापासून तो इंदूरातच सांवेर रोडला एका कारखान्यात कामाला आहे आणि तिथेच खोली घेऊन राहतो. मला भेटतो, बाबांना भेटतो. आईशी बोलत नाही. आईही काही कमी नाही. "मला मुलगा नाही," असं चारचौघांत सांगते आणि त्याच्या आवडीची शेवभाजी केली की स्वतः जेवत नाही.

म्हणून मला तो गेम बनवायचा होता. दुसरा काही मतलब नव्हता माझा. वर्षाच्या शेवटी कॉलेजात प्रदर्शन भरतं, घरचे लोक येतात, गेम खेळून बघतात. मी ठरवलं होतं, आईला खुर्चीवर बसवायचं, हातात रिमोट द्यायचा आणि त्या दाराबाहेर उभं करायचं. तिला एकदा बाहेरून दिसू दे. आणि तिला तिथे उभी बघायला दादाला बोलवायचं. हे सगळं दुसऱ्या लेव्हलवर अवलंबून होतं. आणि हा शहाणा म्हणत होता, काढून टाक.

"करून बघू," मी म्हणाले. "न करताच फेकायचं नाही."

आमच्याकडे ती पद्धत आहे. कोडच्या भानगडीत पडायच्या आधी टीमने उठायचं आणि गेम स्वतः करून बघायचा. कोणी खेळाडू व्हायचं, कोणी राक्षस, कोणी भिंत. दिसायला मूर्खपणा, पण गेममध्ये दम आहे की नाही ते पाच मिनिटांत समजतं. मी भियाला म्हटलं, तू फेकणारा हो. पांढऱ्या फळ्याच्या मागून ये, फळा म्हणजे दार. मी आई होते. लाटणं म्हणून मी माझी पाण्याची स्टीलची बाटली घेतली. भरलेली होती.

सरळ होतं सगळं. मी बाटली नुसती उगारायची, शिव्या द्यायच्या आणि भियाने गप्प उभं राहून दाखवायचं. दहा सेकंद गप्प राहणं किती जड जातं ते त्याला कळलं असतं तर दुसरा लेव्हल वाचला असता.

त्याने फळ्यावर टकटक केली. मी फळा सरकवला. समोर त्याचं तोंड, आणि त्या तोंडावर हसू. मागे वळून त्याने बाकीच्यांना डोळा मारला आणि म्हणाला, "आंटीजी, भाई कैसा है? सॉरी हां, थोड़ा ज्यादा पक गया."

सगळे खो खो हसले.

मी मारलं त्याला. पूर्ण ताकदीने, भुवईवर. ठण्ण वाजलं. त्याला आधी कळलंच नाही, तो अजून हसत होता आणि हसता हसता डोळ्यावर रक्त उतरलं. सच्ची सांगते, मला बरं वाटलं. इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. मी दुसऱ्यांदा घातली, ती कानाजवळ लागली. तिसऱ्यांदा हात उचलला आणि कोडिंगवालीने मागून माझे केस धरले. मी तिला कोपर मारलं. भियाने मला ढकललं, मी फळ्यावर आदळले, फळ्याची पत्र्याची कड माझ्या ओठात घुसली. खुर्च्या पडल्या, कोणाचा तरी लॅपटॉप पडला. मी ओरडत होते, "जळाला माझा पोरगा! जळाला! आणि तू हसतोस?"

माझा पोरगा म्हणाले मी. भाऊ नाही.

मग सर धावत आले. भियाला खालच्या दवाखान्यात नेऊन टाके घातले. मला सरांनी बॅग हातात दिली आणि सांगितलं, घरी जा, उद्यापासून बोलावल्याशिवाय यायचं नाही. करायला गेले काय आणि झालं काय! गेमचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते, म्हणजे विषय मिटला. त्यांनी तो बनवला. पहिलाच लेव्हल, पॉइंट लावून, तुर्रा जिंकतो नाहीतर कलंगी जिंकते. माझं नाव त्यात नाही. खड्ड्यात जाऊ दे.

घरी आले तेव्हा आई खाली बसून विळीवर भाजी चिरत होती. माझा सुजलेला ओठ पाहिला आणि विळी सोडून उठली.

"कोणी मारलं?"

"मी मारलं. त्याला टाके पडले."

सगळं सांगितलं तिला. गेम, दार, बाटली. आणि दारात मी कोण झाले होते तेही. ऐकता ऐकता तिचं तोंड लाल झालं. भाजीचं ताट उचलून तिने भिंतीवर भिरकावलं, चिरलेली भेंडी घरभर झाली.

"मला खेळणं केलंस तिथे? तमाशा मांडलास माझा? पोटचा गोळा जळत होता माझा!"

"माहितीये मला!" मी तिच्याहून जोरात ओरडले. "आज कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं तू राक्षसीण आहेस. आज मी तिथे उभी राहिले ना, मी जीव घेतला असता त्याचा. मला थांबायचंच नव्हतं. तुझा राग कळला मला आई, सगळा कळला. पण माझ्यासमोरचा हसत होता गं. तुझ्यासमोरचा हसत नव्हता. त्याचे हात जळले होते दादाला विझवताना. मी तेव्हाही सांगत होते, तू माझ्या थोबाडीत दिलीस."

ती खाली बसून भेंडी गोळा करायला लागली. बाबा बाहेरच्या खोलीतून आत डोकावले आणि परत गेले. भांडण आवाक्याबाहेर गेलं की बाबा पेपर काढतात.

भेंडी वेचता वेचता तिने विचारलं, "त्याची आई काय म्हणाली?"

"कोणाची?"

"ज्याला मारलंस त्याची."

"मला काय माहीत? मी गेलेच नाही त्यांच्याकडे."

"गेली नाहीस? दुसऱ्याच्या पोराचं डोकं फोडलंस आणि विचारायलासुद्धा..." ती बोलता बोलता थांबली. भेंडीने भरलेली मूठ तशीच. तिचं तिलाच ऐकू आलं असावं. मग उठली, हात धुतले, साडी बदलली आणि म्हणाली, "चल."

"आई, ते लोक मारतील."

"चल म्हटलं ना."

भियाचं घर एका मोठ्या सोसायटीत होतं. दार त्याच्या आईनेच उघडलं. मागे सोफ्यावर तो बसलेला, अर्धं डोकं पट्टीत. त्याने मला पाहिलं आणि मान खाली घातली. आई पुढे झाली. तिचं हिंदी तसं झकास आहे, भाजीवाल्याला रडवते, पण त्या दिवशी तिला शब्द सापडेना. "बहनजी, ये मेरी लड़की है," एवढंच म्हणाली.

बाईंचा हात उठला तो माझ्यासाठी होता. आई मध्ये सरकली. खणकन् तिच्या गालावर बसली, चष्मा उडाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, मी पुढे झाले तर आईने मनगट इतकं आवळलं की नखं रुतली. बाई बोलतच होत्या. गुंडे लोग, संस्कार नहीं हैं, एक इंच इधर लगता तो आँख जाती, पुलिस में दूँगी. आणि पोलीस म्हणताच माझ्या मनगटावरची आईची पकड सुटली. पण ती हलली नाही. ओरडून ओरडून शेवटी बाईंचाच श्वास लागला, त्या रडायला लागल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. आत भिया म्हणत होता, "मम्मी, बस, मेरी भी गलती थी."

मी चष्मा उचलून दिला. एक काच तडकली होती. आईने तसाच लावला.

रिक्षात बसलो. ट्रॅफिक नेहमीसारखा तुंबलेला, चहूकडून भोंगे. तिचा गाल सुजायला लागला होता. मला रडू येत होतं, आणि तिचाच राग येत होता, आणि तिला मिठी मारावीशी वाटत होती, यातलं मी काहीच केलं नाही. तिने हात पुढे केला.

"फोन लाव त्याला."

"कोणाला?"

"दादाला, अजून कोणाला?"

मी लावला, स्पीकरवर टाकला आणि तिच्या हातात दिला. कारखान्यात होता तो, मागे मशीन धडधडत होतं.

"बोल गं," तो म्हणाला.

"मी बोलतेय," आई म्हणाली.

मशीनचा आवाज तेवढा येत राहिला. मला वाटलं ठेवतो आता.

"तो तुझा दोस्त," आई म्हणाली, "गावातच असतो का अजून? मला त्याच्या घरी जायचंय."

"कशाला? आता काय राहिलंय?"

"काही नाही. दारात उभी राहीन. त्याची आई मारेल तेवढं खाईन."

दादा मशीनपासून लांब गेला असावा, आवाज एकदम जवळ आला. "त्याची आई गेली गं. तू रपट लिहिलीस त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. तो कोठडीत होता तेव्हा रोज चौकीबाहेर जाऊन बसायची. हाताला पट्ट्या होत्या त्याच्या, आपल्या हाताने जेवता येत नव्हतं. भरवायला जायची."

आईने तोंडावर पदर दाबला. रिक्षावाला आरशातून बघत होता. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने आरसा वळवला.

"मग त्याच्याकडे जाऊ," ती पदरातूनच म्हणाली. "तो मारू दे."

"तो नाही मारणार, आई. तुला आत बोलावेल, खुर्ची देईल. त्याच्या हातांनी कप नीट धरवत नाही, तरी स्वतः चहा करून देईल. तेच सोसणार नाही तुला."

"तू असशील ना तिथे?" आईने विचारलं. इतक्या वर्षांत तिने त्याच्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

"असेन," दादा म्हणाला. "रविवारी घ्यायला येतो."

फोन त्याने ठेवला. आई मात्र माझा मोबाइल कानाला लावून बसली होती.